सत्तावीस आणि अठ्ठावीस फेब्रुवारीच्या मध्ये : लेखनस्पर्धा घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळा, महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये आणि साहित्य मंडळे यांच्या लेखनस्पर्धांचे संयोजक व परीक्षक

सप्रेम नमस्कार.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन. पहिल्या दिवशी कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार आणि काव्यवाचन, दुसऱ्या दिवशी रामन यांच्या तसबिरीला हार आणि प्रयोगांचे प्रदर्शन. हार बहुधा एकाच फुलवाल्याकडचे असतात. दोन कार्यक्रमांत समान असते ते तेवढेच.

हल्ली काही ठिकाणी हे दोन दिवस जोडायचा प्रयत्न होतो, म्हणजे 'विज्ञानाची किमया' किंवा 'गणिताशी मैत्री' असा विषय देऊन कविता मागवतात. हेतू चांगला आहे, पण विषय असा दिला की आरत्याच येणार. 'शून्याचा महिमा थोर', 'विज्ञान देई दृष्टी नवी' अशा ओळींत गणिताचे आणि विज्ञानाचे शब्द असतात. गणित आणि विज्ञान नसते. शब्दही पुष्कळदा चुकीच्या जागी बसलेले असतात. 'लाखो प्रकाशवर्षे तुझी वाट पाहिली' असे लिहिणाऱ्याला प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, हे कोणी सांगितलेले नसते. 'समांतर रेषांसारखे दुरावत गेलो' हीही नेहमीची ओळ. समांतर रेषांमधले अंतर बदलतच नाही, मग दुरावतील कशा? रामन यांनी आकाशाच्या निळाईचे कोडे सोडवले, असेही दरवर्षी कुठेतरी यमकात बसवलेले आढळते. ते स्पष्टीकरण रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाचे. रामन यांनी दाखवले ते असे, की पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग, साधारण कोटीत एक कण, आपली तरंगलांबी बदलून बाहेर पडतो. कोटीत एकजण बदलून बाहेर येतो! कवितेला याहून काय हवे? पण ती कविता येत नाही, कारण आपण मागतच नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे : गणितावर लिहा असे सांगू नका, गणिताने लिहा असे सांगा. विषय देण्याऐवजी नियम द्या. तो मोजता येईल असा हवा आणि तो पाळला की नाही हे परीक्षकाला बोटावर किंवा कागदावर तपासता आले पाहिजे. मराठीला हे परके नाही. मोठ्या अभंगात अक्षरे मोजतात, सहा-सहा-सहा-चार. पादाकुलकात मात्रा मोजतात, आठ आणि आठ. आपल्याकडे कवी आधी हिशेब करत आला आहे.

मात्रांचेच घ्या. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. मग ठरावीक मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? चार मात्रांचे पाच प्रकार होतात : गग, गलल, लगल, ललग, लललल. पाच मात्रांचे आठ, सहांचे तेरा, सातांचे एकवीस, आठांचे चौतीस. कारण सोपे आहे. शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी उरते आणि गुरू असेल तर दोन कमी. म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. विरहांकाने आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्राने हे छंदशास्त्रात मांडले होते. इटालियन गणिती फिबोनाचीचा ग्रंथ १२०२चा. जगभर त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही संख्यामाला आपल्याकडे कवितेच्या मापातून निघाली.

यावरून एक स्पर्धा सहज बांधता येते : चौतीस ओळींची कविता, प्रत्येक ओळ नेमकी आठ मात्रांची आणि कोणत्याही दोन ओळींची लघुगुरूंची मांडणी सारखी नाही. 'काळे पाणी' म्हणजे चार गुरू. 'आभाळ फुटे' म्हणजे दोन, दोन, एक, एक, दोन. 'नदी वाकडी' म्हणजे एक, दोन, दोन, एक, दोन. 'चंद्र उगवला' यात पहिले आणि शेवटचे गुरू, मधली चार लघू. 'सरसर उतरत' आठही लघू. परीक्षकाने ओळी गुरूंच्या संख्येनुसार पाच ढिगांत वाटाव्यात. शून्य गुरूंची एक ओळ, एका गुरूच्या सात, दोन गुरूंच्या पंधरा, तीन गुरूंच्या दहा, चार गुरूंची एक. ढीग असे जमले नाहीत तर कुठेतरी पुनरावृत्ती आहे. ढीग जमले, तरी प्रत्येक ढिगातल्या मांडण्या एकमेकींशी ताडून बघायच्या. दहा मिनिटांचे काम आहे.

अडचण कुठे येते, तेही आधीच सांगून ठेवलेले बरे. पहिल्या दोन ढिगांतल्या आठ ओळी सगळ्यांना छळतात. मराठी शब्दांची अंत्याक्षरे फार करून दीर्घ असतात, त्यामुळे सहा-सात लघू ओळीने येतच नाहीत. तिथे सरसर, झरझर, लुकलुक, गुणगुण असे शब्द कामी येतात. पण आठही ओळी त्यांच्यावर काढल्या की कविता बालगीत होते. दुसरी अडचण जोडाक्षराची. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हा नियम शाळेत पाठ झालेला असतो, पण मराठीत तो आघातावर चालतो. 'पुस्तक'मधला 'पु' गुरू, 'तुझ्या'मधला 'तु' आणि 'पुन्हा'मधला 'पु' लघू. 'वाऱ्याचे घर' आठ मात्रांचे, 'वाऱ्याची गती' नऊंचे, आणि कानाला फरक पटकन कळत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शब्दाच्या शेवटचा अ. 'घर' आपण 'घर्' असे उच्चारत असलो तरी पद्यात दोन लघू धरायचे. चौथी, चरणाच्या शेवटच्या लघूला गुरू मानायची जुनी सवलत इथे बंद ठेवावी लागते. नाहीतर एकाच ओळीच्या दोन मांडण्या होतात आणि सगळा हिशेब कोसळतो.

लहान मुलांसाठी याहून सोपा खेळ आहे. वृत्तांचे गण पाठ करायचे 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र घ्या. त्याचे लघुगुरू मांडा : ल ग ग ग ल ग ल ल ल ग. यातली ओळीने येणारी कोणतीही तीन अक्षरे उचला, दर वेळी वेगळा गण मिळतो आणि आठही गण एकेकदा येऊन जातात. आठ त्रिकुटे दहा अक्षरांत बसवण्याचा याहून छोटा मार्ग नाही. असेच दहा अक्षरांचे स्वतःचे अर्थपूर्ण वाक्य बनवा, असा प्रश्न सातवीच्या वर्गाला द्या आणि दोन तास त्यांच्याकडे बघू नका.

'पाय' (π, ३.१४१५९...) या संख्येवरचे लेखन १४ मार्चला अनेक ठिकाणी होते, आणि तिथे मराठीत एक मुळातली चूक होते. इंग्रजीत प्रत्येक शब्दातली अक्षरे पायच्या अंकांइतकी ठेवतात : तीन, एक, चार, एक, पाच, नऊ. मराठीत काय मोजायचे हे न ठरवताच स्पर्धा जाहीर होते. मग कोणी काना-मात्रा वेगळी धरतो, कोणी संगणकाला विचारतो. संगणक 'वर्तुळ' या शब्दात सहा चिन्हे मोजतो : व, र, हलन्त, त, उकार, ळ. अभंग म्हणणारा तीन मोजेल, आणि आपल्याला तीनच हवेत. म्हणून नियमावलीत 'जोडाक्षर एक, स्वरचिन्हासह व्यंजन एक, अनुस्वार वेगळा नाही' ही ओळ घालाच. नमुना म्हणून हे बघा :

चालते ती सावकाश व अखंडपणे परिघरेषेवरूनच मुंगी, कंटाळल्याविना.

तीन, एक, चार, एक, पाच, नऊ, दोन, सहा. नऊ अक्षरांचा शब्द मराठीत प्रत्ययांमुळे आणि शब्दयोगी अव्ययांमुळे सहज मिळतो. एका अक्षराचे शब्दही मी, तू, तो, ती, हा, ही, व, न, की, का असे भरपूर आहेत. त्यामुळे मराठी लेखकाला हा खेळ पहिली तीस-एकतीस पावले सोपा जातो. मग ३२व्या दशांशस्थळी पहिले शून्य येते. तिथे कोरी ओळ सोडायची की दहा अक्षरांचा शब्द घ्यायचा, ते आधीच जाहीर करा. आमचे मत कोऱ्या ओळीच्या बाजूने. मात्र त्या रिकाम्या जागेला कवितेत काही अर्थ असला पाहिजे. लबाडी होते ती शब्द तोडून : 'घरावरून' हा शब्द 'घरा वरून' असा लिहिला की पाचऐवजी दोन आणि तीन होतात. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचे, हा शुद्धलेखनाचा नियम इथे गणिताचाही नियम होतो.

थोड्या मोठ्या लेखकांसाठी सहा कडव्यांचा एक जुना फ्रेंच घाट आहे. तो बाराव्या शतकातल्या आर्नो दानिएल या कवीच्या नावावर आहे. प्रत्येक कडव्यात सहा ओळी, आणि यमकाऐवजी ओळींच्या शेवटी तेच सहा शब्द फिरत राहतात. पहिल्या कडव्यात क्रम १२३४५६ असेल तर दुसऱ्यात ६१५२४३. म्हणजे शेवटचा, पहिला, शेवटून दुसरा, दुसरा, असे दोन्ही टोकांकडून आत येत जायचे. तीच कृती पुन्हा केली की ३६४१२५, मग ५३२६१४, ४५१३६२, २४६५३१. सातव्या वेळी परत १२३४५६ येतो, म्हणून सहा कडव्यांवर थांबून शेवटी तीन ओळींत सहाही शब्द गुंफतात. १९६०मध्ये पॅरिसला फ्रांस्वा ल लिओने यांच्याबरोबर उलिपो हा लेखक-गणितज्ञांचा गट काढणारे रेमाँ कनो यांनी विचारले, हे सहाशिवाय आणखी कितीला जमते? तीन, पाच, नऊ, अकरा यांना जमते. चार, सात, आठ, दहा यांना जमत नाही. चारचे करून बघा : १२३४, ४१३२, २४३१, की लगेच १२३४. तिसरा शब्द जागचा हलतच नाही आणि चौथे कडवे पहिल्याची नक्कल होते. हौशी संयोजक 'सहा जास्त होतात, चार कडव्यांचे करू' म्हणतात. तसे करू नका. पाचाचे करा, किंवा मुलांसाठी तिनाचे.

मराठीत या घाटाला एक अडचण आहे आणि एक देणगी. अडचण अशी, की आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून नवशिक्याच्या सहा शब्दांत 'आहे' आणि 'होते' घुसतात आणि पुढची पाच कडवी मरतात. उपाय दोन. सहाही नामे घ्यायची, आणि वाक्य ओळीच्या शेवटी न संपवता पुढच्या ओळीत वाहू द्यायचे. विभक्तिप्रत्यय लावायला मात्र मनाई. 'घाताने' चालणार नाही, 'घात'च हवा. देणगी म्हणजे आपली गणिताची परिभाषा. घात, घन, वर्ग, मूळ, पद, छेद हे सहा शब्द घ्या. घात हा घातांकाचाही आणि विश्वासाचाही. घन म्हणजे तिसरा घात आणि ढगसुद्धा. वर्ग शाळेतला, समाजातला आणि संख्येचा. पद राशीतले, खुर्चीचे आणि गायचे. हे सहा शब्द सहा कडव्यांत फिरले की अर्थ आपोआप कूस बदलतात. या परिभाषेला रुक्ष म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एकदा हे करून बघावे.

याच कनोंनी १९६१मध्ये दहा सुनीते अशी रचली, की प्रत्येकाची कोणतीही ओळ दुसऱ्याच्या त्याच क्रमांकाच्या ओळीच्या जागी बसेल. चौदा ओळी, प्रत्येकीला दहा पर्याय, म्हणजे दहाचा चौदावा घात, शंभर लाख कोटी सुनीते. वर्गात याची छोटी आवृत्ती करायची तर चार चारोळ्या पुरतात. चारचा चौथा घात, २५६ कविता. पण मराठीत इथे लिंग आडवे येते. 'सर आली' ही ओळ काढून 'पाऊस' आणला की खालच्या ओळीतले 'ती भिजवून गेली' लंगडते. म्हणून प्रत्येक ओळ व्याकरणाने स्वतःपुरती पूर्ण ठेवा, नाहीतर चारही चारोळ्यांचा कर्ता एकाच लिंगाचा घ्या. तपासताना २५६ वाचायची गरज नाही. लगतच्या ओळींच्या जोड्या तपासा : पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी, प्रत्येकीच्या सोळा, एकूण ४८. यमक वेगळे बघा.

पद्यातले गणित म्हटले की भास्कराचार्यांना वगळता येत नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७चा शिलालेख आहे. त्यात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. आपला जन्मशकसुद्धा त्यांनी 'रस-गुण-पूर्ण-मही' असा सांगितला : सहा, तीन, शून्य, एक, उजवीकडून वाचायचे, शके १०३६. 'लीलावती'तले भुंग्यांचे उदाहरण बघा. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. उरलेला एक केतकी आणि मालती यांच्या सुगंधांत हेलकावत राहिला. थवा किती? तीन, पाच आणि सहा मिळून चौदा, उरला एक, उत्तर पंधरा. समीकरणातली बाकी म्हणजेच तो एकटा भुंगा. कविता आणि गणित एकाच बिंदूवर संपतात.

अशी पद्यकोडी मागवा, आणि ती आधी परीक्षकाने सोडवून बघावीत अशी अट स्वतःला घालून घ्या. कारण चूक ठरलेली असते. कोणी लिहिते : तिसरा हिस्सा बगळे तळ्यावर, चौथा हिस्सा शेतात, फरकाच्या दुप्पट झाडावर, आणि उरला एक. उत्तर येते चार. चारांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक बगळा आणि वर एक तृतीयांश. उरलेले तीन करा, मग एकूण बारा येतात : चार, तीन, दोन आणि तीन. लिहिणाऱ्याला सांगावे की एकूण संख्या आधी निवड, सगळ्या छेदांनी भाग जाईल अशी, आणि श्लोक मागून लिही. आणि बाकी एकच हवी असेल, भास्कराचार्यांसारखी, तर अपूर्णांक बदल.

कथेबद्दल थोडक्यात. विज्ञानकथेला एकच सूट द्या : लेखकाने निसर्गाचा एक नियम मोडावा किंवा एक यंत्र कल्पावे, बाकी सगळे हिशेबाने चालले पाहिजे. मंगळावरचा मुलगा साताऱ्यातल्या आईशी फोनवर भांडू शकत नाही. मंगळ सर्वांत जवळ असताना साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, सर्वांत दूर असताना सुमारे चाळीस कोटी. प्रकाश सेकंदाला तीन लाख जातो. म्हणजे शब्द पोचायला तीन ते बावीस मिनिटे आणि उत्तर यायला त्याच्या दुप्पट. भांडण पत्रांतून करावे लागेल, आणि ती कथा फोनवरच्या कथेपेक्षा चांगली होईल. हजारपट मोठी मुंगी चालवायची असेल तर तिचे वजन हजाराच्या घनाने, म्हणजे शंभर कोटी पट वाढते आणि पायांचा छेद वर्गाने, दहा लाख पट. पायांवरचा ताण हजारपट होतो आणि ती पहिल्याच पानावर कोसळते. फिरत्या अंतराळस्थानकात पृथ्वीइतके वजन जाणवायचे आणि ते मिनिटाला दोनच फेऱ्या घेणार असेल, तर त्याची त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. 'छोट्याशा खोलीएवढे' लिहून भागत नाही. स्थळासाठी फार लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. तिथे दर दोन अँटेनांची जोडी एक मोजमाप देते, म्हणून जोड्या ४३५. माणसांचेही तसेच : पाच पात्रे म्हणजे दहा नाती. दोन हजार शब्दांच्या कथेत दहा नाती पेलत नाहीत. तीन पात्रे घ्या.

गुणांबद्दल आमचे ठाम मत आहे. नियम पाळल्याचे गुण देऊ नका. नियम हे दार आहे, आत आल्यावर फक्त लेखन बघा; नाहीतर बिनचूक आणि निर्जीव कविता बक्षीस घेऊन जाते. मोजणी एकाने करावी, वाचन दुसऱ्या दोघांनी. आणि नावे झाकाच. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळाले, तेव्हा लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते, परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून. तुमच्याकडे दुसरे नारळीकर येणार नाहीत कदाचित, पण मुख्याध्यापकांची पुतणी येईल.

वेळ द्या. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनी सूचना लावली तर २७ फेब्रुवारीपर्यंत ६७ दिवस मिळतात. आठवडाभरात आरतीच लिहून होते. फलकावर लावायचा मजकूर खाली देत आहोत, हवा तसा बदलून घ्या :

'कविता, कोडे किंवा कथा पाठवा. विषयाचे बंधन नाही. सोबतच्या नियमांपैकी एक निवडा आणि पानाच्या डोक्यावर त्याचा क्रमांक लिहा. नाव फक्त बंद पाकिटात. मात्रा, अक्षरे, क्रम किंवा आकडे कसे मोजले, ते वेगळ्या कागदावर मांडून जोडा. मोजणीचा कागद नसलेले लेखन वाचले जाणार नाही. खाडाखोड चालेल.'

आपले,
गणित शिकवणारे आणि मराठीत लिहिणारे काही जण